लिनक्सला काही लागत नाही

चहा येऊ द्या आधी. रिकाम्या पोटी ऐकण्यासारखा हा किस्सा नाही, आणि माझी फजिती कोणी कोरड्या घशानं ऐकावी हे मला पटत नाही.

आमच्या भातकुलीत आजही मी बाजारातून पिशवी घेऊन येताना दिसलो की पारावरून कोणीतरी हाक मारतंच, "काहून मास्तर, सगळं आणलं नं?" आणि मग सगळा पार हसतो. मी मास्तर नाही हो. शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. पण शाळेच्या फाटकातून आत जाणारा प्रत्येक माणूस आमच्या गावाच्या हिशेबी मास्तरच. तेव्हा मास्तर तर मास्तर. प्रश्न "सगळं आणलं का" हा आहे. तो प्रश्न माझ्या मागे का लागला, तेच सांगतो.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडात बरी नव्हती. पेपर उघडायची भीती वाटायची. कापसाचा भाव पडलेला, पावसाचा नेम नाही, आणि लाइट तर पाहुण्यासारखी यायची, चहा घेतला की चालली. अशा दिवसांत मला लिनक्सचं वेड लागलं. आता वेड लागायला दिवस कोणतेही चालतात.

लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पळू नका. कॉम्प्युटर नुसता आणला की काम करत नाही, त्याच्याकडून काम करून घेणारी एक सिस्टीम आत घालावी लागते. बहुतेकांची ती विकतची. किंवा खरं बोलायचं तर कोणाच्या तरी सीडीवरून गुपचूप उतरवलेली. लिनक्स मात्र मोकळी. फुकट घ्या, शेजाऱ्याला द्या, उघडून आत काय आहे ते पाहा, पटलं नाही तर बदला. कोणी विचारणार नाही. ज्या वर्षांत कपाशीचं बियाणं दर मोसमाला नव्यानं विकत आणावं लागत होतं, त्या वर्षांत "घरी ठेवा, शेजाऱ्याला द्या" म्हणणारी वस्तू भेटल्यावर माणूस भाळणारच ना?

मी भाळलो. इतका भाळलो की भेटेल त्याला सांगत सुटलो. माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "लिनक्सले काही लागत नाही!" पैसे लागत नाहीत, परवाना लागत नाही, व्हायरसचं औषध लागत नाही. काही म्हणता काही लागत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते जन्मभर पुरलं आहे.

आता आमच्या मंदाकडे येऊ. मंदा म्हणजे माझी बायको. तिनं अमरावतीला जाऊन मराठी टायपिंग शिकून घेतलं होतं. बोटं अशी चालायची की पाहत राहावं. आणि एके दिवशी तिला काम मिळालं. अमरावतीच्या एक प्राध्यापक बाई जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध लिहीत होत्या. त्यांनी पहिलं प्रकरण मंदाच्या हाती दिलं आणि म्हणाल्या, "सोमवारी आणून दे. चांगलं झालं तर पूर्ण प्रबंध तुझा. नाही तर कॉलेजसमोरच्या टायपिंगवाल्याकडे देते."

लग्न झाल्यापासून मंदाला स्वतःच्या नावानं मिळालेलं ते पहिलं काम. ती हस्तलिखिताची पानं पदराखाली धरून एसटीतून आली होती, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. घरात कॉम्प्युटर नव्हता. तेव्हा एक साधा लॅपटॉप घ्यायचा आम्ही ठरवलं.

"मी निवडतो," मी म्हणालो. "लिनक्स नीट चालली पाहिजे त्याच्यावर."

"मले चालणारा लॅपटॉप पायजे," मंदा म्हणाली. "मंग त्याच्यात तुमची लिनक्स चालो का भजन चालो."

झालं. मी पेन ड्राइव्हवर लिनक्स भरली आणि अमरावतीला निघालो. युक्ती अशी, की हा पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला की त्यातल्या जुन्या सिस्टीमला हात न लावता लिनक्स चालवून पाहता येते. म्हणजे विकत घ्यायच्या आधीच कळतं, कोणता लॅपटॉप तिला राजी आहे आणि कोणता नाही.

पहिल्या दुकानदारानं पेन ड्राइव्हकडे असं पाहिलं, जसं मी खिशातून विंचू काढला.

"सर, याच्यात काय हाय?"

"लिनक्स."

"व्हायरस तर नाही ना?"

"अहो, हिले व्हायरस लागतच नाही! काहीच लागत नाही!"

चालवली. सगळं ठीक, पण वायफाय दिसेना. मी लॅपटॉप परत केला. दुसऱ्या दुकानात वायफाय दिसलं तर आवाज येईना. परत. तिसऱ्या दुकानात आवाज आला, पण बोटानं बाण हलवायची पट्टी रुसली. तोही परत. प्रत्येक ठिकाणी मी थांबून दुकानदाराला समजावून सांगत होतो, की दोष लिनक्सचा नाही, तुमच्या मालाचा आहे. दुकानदारांना हे फार आवडतं असं नाही. दुपारपर्यंत त्या गल्लीत माझी कीर्ती माझ्यापुढे चालू लागली. शेवटच्या दुकानात मी पायरीवर पाय ठेवला आणि मालक आतूनच ओरडला, "लाइट गेली हाय, सर!"

त्याच्या डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.

घरी आलो. मंदानं दारातच विचारलं, "आणला?"

"नाही. एकही लायक नाही. पहिल्यानं तर वायफायच पकडलं नाही."

"वायफाय म्हणजे?"

"हवेतून येणारं इंटरनेट."

"आपल्या घरी येते ते?"

"नाही."

"गावात येते?"

"नाही."

"मंग त्यानं कोणाले पकडाचं होतं?"

मी पाणी मागितलं.

ओसरीवर आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. पाच गावांत त्यांच्या तोडीचा बैलाचा पारखी नव्हता. कोणाला जोडी घ्यायची असली की आधी आप्पांना बोलावणं. लहानपणी मी त्यांच्यासोबत प्रत्येक बाजाराला जायचो आणि माझं काम एकच असायचं. आपलं नवं दावं, म्हणजे जनावर बांधायची दोरी, खांद्यावर टाकून मागे उभं राहायचं. कारण आमच्याकडे जनावर विकतात, पण त्याचं दावं विकत नाहीत. दावं मालकाच्या घरीच राहतं. नाहीतर त्याच्या गोठ्यातली बरकत जनावरासोबत निघून जाते, असं म्हणतात. सौदा झाला की आप्पा डोळ्यानं खूण करायचे. मी पुढे व्हायचो, जुनं दावं सोडायचो आणि दोन्ही हातांनी मालकाला द्यायचो. मालकाच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते पाहून मला वाटायचं की सगळा सौदा मीच केला.

पण त्या वर्षांत बाजारात विकणारेच फार, घेणारे कुठले? आप्पांना बोलावणं येणं बंद झालं होतं. नजर शाबूत आणि पाहायला जनावर नाही. ओसरीवर बसून ते रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बैलाचं वय सांगत बसायचे, कोणी विचारत नसताना. म्हणून की काय, माझ्या लॅपटॉपमध्ये त्यांनी एकदम लक्ष घातलं.

"दुकानातून कायले घेतं रे? दुकानात सगळेच धुतलेले, पुसलेले असतेत. जो कोणाच्या घरी नांदला, तो घ्यावा. हिवरखेडच्या गफ्फारले फोन लाव."

गफ्फारचाचा हे आप्पांचे जुने दोस्त. बैलांचा व्यापार आणि थोडी शेती. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता. कंपनीनं त्याला नवा लॅपटॉप दिला होता आणि जुना हिवरखेडच्या घरी पडून होता. फोनवर चाचांनी खालच्या बाजूचं मॉडेलचं नाव अक्षर अक्षर वाचून दाखवलं आणि मी जागीच उडालो. जुनं, जाडजूड, पण लिनक्स चालवायला नावाजलेलं मॉडेल! लिनक्सवाल्यांच्या चर्चेत मी त्याचं कौतुक कितीदा वाचलं होतं.

शुक्रवारी मी शाळेतून रजा घेतली. मंदानं जुन्या गोधडीच्या कापडाची मऊ पिशवी शिवून दिली. आप्पांनी बंडीच्या खिशातून गुलालाची पुडी काढून हातावर ठेवली.

"पसंत पडला तरी तोंडावर दाखवू नोको. अन रीत सोडू नोको. गफ्फार रीतीचा माणूस हाय."

अमरावतीहून अकोला, अकोल्याहून आकोट, तिथून हिवरखेड. चाचा स्टँडवर घ्यायलाच आले होते. घरी गेलो तर लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर, अंगावर क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला. चाचींनी रुमाल काढला. मी आप्पांसारखा चेहरा केला, म्हणजे आंबट.

"बिजागऱ्या ढिल्या दिसतात."

"पाह्य ना हालवून," चाचा म्हणाले.

हलवल्या. घट्ट होत्या. एकेक बटण दाबून पाहिलं, आप्पा दात पाहतात तसं. मग पेन ड्राइव्ह लावला. आणि काय सांगू महाराजा! लिनक्स अशी उठली, जशी त्याच घरात लहानाची मोठी झाली. आवाज आला. बाण हलला. वायफायसुद्धा दिसलं, म्हणजे पकडायला तिथेही काही नव्हतं, पण पकडायची तयारी दिसली. मी मराठीत "वऱ्हाड" लिहिलं. एक अक्षर फुटलं नाही, एक मात्रा घसरली नाही.

माझा आंबट चेहरा गेला उडत. मी टाळीच वाजवली.

"चाचा, ही लिनक्स! हिले काही लागत नाही!"

"पैसे?"

"लागत नाही."

"तो कंपनीचा नंबर असते, मोठा? आमच्या पोट्ट्याले सारखा मांगे."

"लागत नाही."

"व्हायरसची दवा?"

"तीही लागत नाही!"

चाचा चाट पडले. "मंग हिले लागते तरी काय बेटा?"

"काहीच नाही, चाचा! काहीच लागत नाही!" मी छाती ठोकून सांगितलं.

चाचा आत वळून चाचींना म्हणाले, "सुना क्या? कुछ लगताच नहीं उसको." चाचींनी लॅपटॉपकडे कौतुकानं पाहिलं. खाणं-पिणं न मागणारं जनावर कोणाला आवडणार नाही?

मग सौदा. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून सांगतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. चाचांनी हौसेनं खांद्यावरचा रुमाल पुढे केला. मी आप्पांचा मुलगा! मला येत नाही, असं कसं म्हणू? घातला हात. त्यांनी काहीतरी दाबलं, मीही ऐटीत काहीतरी दाबलं. चाचांनी डोळे मोठे केले.

"बेटा, मी मांगतलं त्याच्याहून जास्त देऊन राहिला तू!"

शेवटी तोंडानंच बोललो आणि चाचांनी मी म्हणेन तो भाव कबूल केला. लॅपटॉपच्या झाकणाला गुलालाचं बोट लावलं. चाचींनी संत्री पिशवीत भरली. आणि मग मी बाकीची रीत पाळली. अगदी आप्पांच्या थाटात, एकही गोष्ट न विसरता. चाचांचे डोळे भरून आले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "खानदानी पोट्टा हाय तू. आजकाल कोण करते एवढं?"

मी फुगलो. एसटीत बसलो तेव्हा मला दोन सीट लागत होत्या.

आता एवढा लॅपटॉप मांडीवर घेऊन माणूस गप्प कसा बसेल? आकोटच्या पुढे मी तो उघडला. बॅटरी पूर्ण भरलेली होती. थोड्याच वेळात आजूबाजूचे सगळे माना लांब करून पाहायला लागले. मी पुन्हा सुरू. हिला हे लागत नाही, हिला ते लागत नाही. पलीकडच्या सीटवर टोपी घातलेले एक कास्तकार होते. त्यांनी फार वेळ पाहून विचारलं, "याच्यात कापसाचा भाव दिसते काय?"

"इंटरनेट असलं तर दिसते."

"वाढते काय?"

"नाही बाप्पा, नुसता दिसते."

"मंग तो तर मले उघड्या डोयानंही दिसते," असं म्हणून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. सगळी एसटी हसली. मीही हसलो. अकोल्याहून अमरावतीच्या गाडीत बसल्यावर तर मी पुन्हा पहिल्यापासून सगळं दाखवलं. प्रेक्षक नवे होते ना!

भातकुलीला पोहोचलो तेव्हा लाइट नव्हती. पण माझा लॅपटॉप सुरू! अर्ध्या गल्लीनं येऊन पाहिला. आप्पांनी जवळ येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि निकाल दिला, "थंड हाय. स्वभावाले गरीब दिसते. चांगला पाह्यलास."

जन्मात पहिल्यांदा आप्पांनी माझ्या निवडीला चांगलं म्हटलं होतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मंदा टायपिंगला बसली. पहिली ओवी पडद्यावर उमटली तेव्हा ती स्वतःशीच ती ओवी गुणगुणायला लागली. बोटं चालत होती, ओठ चालत होते. मी बाजूला बसून संत्री सोलून तिच्या हातात फोडी देत होतो. संसारात याहून सुखाची संध्याकाळ मला आठवत नाही.

तेवढ्यात लाइट आली. सगळ्या गल्लीनं "आली, आली" केलं. आणि त्याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र लाल झालं.

"अहो, चार्जर द्या बरं," मंदा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

मी पिशवीत हात घातला. संत्रं. आणखी एक संत्रं. गुलालाची पुडी. पेन ड्राइव्हचं टोपण. पिशवी उलटी केली. संत्री ओसरीभर घरंगळली. चार्जर नव्हता.

"आणला होता नं?"

"म्हणजे काय! हातात घेतल्याचं मला चांगलं आठवते. वायर गुंडाळली, दोन्ही हातांनी धरली..."

"मंग?"

मग पुढचं आठवेना. मंदानं लिहिलेलं घाईघाईनं साठवून घेतलं आणि पडदा काळा झाला. सोमवारचं काम, शुक्रवारची संध्याकाळ, आणि पहिल्या प्रकरणाची दोनच पानं झालेली. तिनं पानं उचलून छातीशी धरली आणि आत गेली. मला तिच्या तोंडाकडे पाहवेना.

आता माणसानं अशा वेळी आपल्या डोक्यावर संशय घ्यावा की नाही? मी घेतला नाही. माझ्या मते चोरी झाली होती, आणि चोरही सापडला होता. तो कापसाचा भाव विचारणारा! टोपी डोळ्यांवर कशाला ओढली होती त्यानं? मी अकोल्याच्या स्टँडवर फोन लावून तक्रार केली. पलीकडून विचारलं, "काय हरवलं?"

"वायर. काळी, लांब. मधात चौकोनी डबी."

"डबीत काय हाय?"

"काही नाही."

"मंग कोण नेईन हो, साहेब?" फोन ठेवला.

सकाळी उठून मी अमरावती गाठली. त्याच गल्लीत, त्याच दुकानांत, जिथे मी प्रत्येकाच्या मालाला नावं ठेवली होती. प्रत्येकानं मॉडेलचं नाव ऐकून मान हलवली. एवढा जुना चार्जर इथे मिळत नाही, बाहेरून मागवावा लागेल, आठवडा जाईल. हे सांगताना एकाच्याही चेहऱ्यावर दुःख दिसलं नाही. शेवटच्या दुकानाच्या पायरीवर मी पाय ठेवायच्या आत आवाज आला, "लाइट गेली हाय, सर!" पंखा होता तसाच फिरत होता.

दुपारी रिकाम्या हातांनी घरी आलो तेव्हा ओसरीवर गर्दी. आप्पांचे दोस्त, शेजारीपाजारी, सगळे चोराचा तपास करत बसले होते. मंदा दाराला टेकून उभी. डोळे लाल. तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून नको ते निघून गेलं.

"मला वाटते, गफ्फारचाचांनीच ठेवून घेतला असेल. व्यापारी माणूस, शेवटी."

आप्पा ताडकन उभे राहिले.

"काय म्हणलास? गफ्फारनं? अरे, त्यानं आंधळा बैल आंधळा हाय म्हणून सांगून इकला, अन लंगडा लंगडा म्हणून! तो तुही वायर ठेवून घेईन? लाव फोन. आताच लाव. अन आवाज मोठा कर. सगळ्याईले आयकू दे."

मी फोन लावला. आवाज मोठा केला. 

"चाचा, सलाम. मी भातकुलीहून बोलतो. ते... लॅपटॉपचा चार्जर तुमच्याकडे राहिला काय?"

"हाय ना बेटा!" चाचांचा आवाज ओसरीभर घुमला. "हाय, खुंटीले टांगून ठेवलं हाय. तुह्या चाचीनं लोबान फिरवला त्याच्यावरून."

"लोबान?"

"मंग? बरकतीची चीज हाय. तूच देलं नं दोन्ही हातानं! म्हणलास, चाचा, दावं तुमच्या घरी राहू द्या, बरकत तुमच्या घरी राह्यली पायजे. माह्ये तं डोये भरून आले, बेटा."

आणि मला सगळं लख्ख आठवलं. सौदा झाला होता, गुलाल लागला होता. लॅपटॉपची वायर भिंतीला लागलेली होती आणि माझे हात, लहानपणापासून शिकवलेले माझे शहाणे हात, आपोआप पुढे झाले होते. सोडली, गुंडाळली, आणि मान लववून चाचांच्या हातात दिली होती!

 कसाबसा म्हणालो, "पण चाचा, त्याच्याशिवाय तो चालणार कसा? तुम्ही काही बोलला नाहीत?"

"माह्या मनात आलं होतं, का इचारावं," चाचा फार प्रेमानं म्हणाले. "पण मंग म्हटलं, पोट्टा आल्यापासून सांगून राहिला, लिनक्सले काही लागत नाही. तं म्हटलं, हेबी लागत नसन!"

 मग आप्पा हसले. आणि असे हसले की खांबाला धरून खाली बसले. त्यांच्यामागून सगळी ओसरी. मंदा पदरात तोंड खुपसून हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्यातलं कोणतं रडण्याचं आणि कोणतं हसण्याचं, हे मला ओळखू येईना. फोनमधून चाचा "काय झालं? काहून हासून राहिले?" असं विचारत होते आणि त्यांना सांगायला कोणाच्या छातीत दम नव्हता. त्या वर्षी आमच्या गल्लीत एवढं मोठ्यानं हसणं झालंच नव्हतं हो. मला लाज वाटायची ती वाटलीच, पण आप्पांना असं हसताना पाहून बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

चाचांना चोर म्हटल्याबद्दल मी तिथेच, सगळ्यांसमोर, फोनवर माफी मागितली. चाचा म्हणाले, "अरे, मले काही आयकूच आलं नाही. तू म्हणला होता काय असं?" म्हणजे तेही मीच सांगितलं!

रविवारी सकाळी हिवरखेडहून थेट अमरावतीला सुटणाऱ्या एकुलत्या गाडीच्या कंडक्टरजवळ चाचांनी चार्जर दिला. मी अमरावतीच्या स्टँडवर गाडी यायच्या कितीतरी आधी जाऊन उभा. कंडक्टरनं खिडकीतूनच ओळखलं. कसं ओळखलं, विचारू नका.

"लिनक्सवाले तुमीच ना?" त्यानं पुडकं दिलं. आत काळा चार्जर होता, लोबानाचा वास येत होता. आणि त्याच्यासोबत एक नवं कोरं सुती दावं, बैलाला बांधायचं.

"हे काय?"

"चाचाचा निरोप हाय," कंडक्टर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला. "कायं दावं लॅपटॉपचं. पांढरं दावं सूनबाईच्या हातात द्याचं. जे जनावर एकटं बाजारात सोडता येत नाही, त्याच्यासाठी हाय म्हणे."

मंदा त्या दिवशी जेवायलाही नीट उठली नाही. लाइट असली की चार्जर लावून, गेली की बॅटरीवर, तिनं प्रकरण पूर्ण केलं. सोमवारी आम्ही दोघं अमरावतीला गेलो. बाईंनी पानं चाळली, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, "बाकीची प्रकरणं आजच घेऊन जा." येताना एसटीत मंदा खिडकीशी बसली होती आणि पूर्ण रस्ताभर ओव्या गुणगुणत होती. पोतं भरून पानं माझ्या मांडीवर होती. कोणी मला लिनक्सबद्दल विचारलं नाही, आणि मीही कोणाला सांगितलं नाही.

लॅपटॉप पुढे पुष्कळ वर्षं चालला. लिनक्सही चालली, दोष तिचा कधीच नव्हता. मंदाच्या टेबलाजवळच्या खुंटीला ते पांढरं दावं अजून टांगलेलं आहे. तिच्याकडे काम घेऊन येणारी मुलं-मुली पडद्याकडे पाहून विचारतात, "काकू, ही वेगळीच सिस्टीम दिसते. हिले काय काय लागते?"

मंदा टायपिंग न थांबवता सांगते, "हिले काही लागत नाही." आणि मग मानेनं आधी माझ्याकडे आणि मग खुंटीकडे खूण करते. "याईले लागते."